दुसऱ्या गिअरचा दात

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या हनीफभाईंना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुम्ही हनीफभाईंना ओळखत नाही म्हणून.

बातमीदाराची जुनी सवय आहे – कुठे, कधी, कोण, आणि मग काय झालं. त्याच क्रमाने जातो. 'काय झालं'पर्यंत पोचायला मात्र वेळ लागेल.

कुठे – जव्हार. कधी – नव्वदच्या दशकाची अखेर. कोण – मी, एका जिल्हा दैनिकाचा जव्हार-मोखाड्याचा बातमीदार. आणि हनीफभाई, गॅरेजवाले. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे जांभळाचं झाड आणि झाडाखाली एक मोडका बाक, ज्यावर गिऱ्हाइकांपेक्षा रिकामटेकडेच जास्त बसत. त्यांत मीही.

हनीफभाई बढाईखोर होते, हे आधी नोंदवतो. क्रिकेटपासून पावसापर्यंत कशावरही ठाम बोलत आणि बहुतेक वेळा चुकत. एकदा त्यांनी एका जीपची वायरिंग अशी केली की ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. जीपवाला भांडायला आला. हनीफभाई म्हणाले, "अरे, घाटात ब्रेक मारला की समोरच्याला कळायला नको का? फुकटात दिलंय, ठेव." आणि त्याने खरंच ठेवलं. अशा माणसावर रागावणार तरी कसं?

माझी गाडी जुनी होती – छोटी, गोलसर, पेट्रोलवर चालणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असलेली. तिचं इंजिन थकलं तेव्हा हनीफभाईंनी तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. ठरवलं त्यांनीच; मी फक्त चावी दिली. गिअरबॉक्स मात्र जुनाच राहणार होता, आणि सगळी मेख तिथेच होती. तो बॉक्स पेट्रोलच्या हलक्या ओढीसाठी केलेला. डिझेलचा जोर कमी वेगातच सुरू होतो, धक्क्याने येतो. तो या दातांना सोसेल का? जीप स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी निकाल आधीच देऊन टाकला होता. "हनीफने बकरीत हत्तीचं काळीज बसवलंय. पेपरवाले, घाटात पाय मोडून बसेल हां तुमची बकरी!"

"पाय मी बघितलेत," हनीफभाई शेडमधून ओरडले. "मोडले तर हा धंदा सोडतो. लिहून घ्या, पेपरवाले!"

मी लिहून घेतलं नाही. हसलो.

इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये बसणारी जाड लोखंडी प्लेट त्यांनी नाशिकला स्वतः उभं राहून लेथवर करून आणली. बॉक्सचे बेअरिंग बदलले, क्लच मोठा घातला. गाडी धडधडायची, आरसे थरथरायचे, बोलायचं तर ओरडावं लागायचं. पण ती चालली. दोन पावसाळे चालली. जव्हार-मोखाडा, खोडाळा, पोशेरा – कुठेही तिने दगा दिला नाही. मग लोक बघायला येऊ लागले. पोशेऱ्याचे एक गुरुजी आपली तशीच जुनी गाडी शेडमध्ये सोडून गेले. त्यांच्यासाठीचं इंजिन नाशिकहून आलं आणि गोणपाटाखाली झाकून ठेवलं गेलं. हनीफभाईंनी पाटी रंगवायला टाकली – 'डिझेल बसवून मिळेल'.

मला त्यांची अट एकच होती. "उतारावर न्यूट्रल मारायची नाही. जीपवाले मारतात, मारू द्या. तुम्ही नाही." कारणही त्यांनी सांगितलं होतं. उतारावर गाडी सुटी सोडली, इंजिन बंद केलं आणि मग वेगात गिअर घातला, तर चाकं पळत असतात आणि इंजिन मेलेलं असतं. त्या मेलेल्या इंजिनाला एका झटक्यात फिरवायचं काम गिअरच्या दातांवर येतं. पेट्रोलचं असतं तर एक वेळ निभावलं असतं. डिझेलचं घट्ट इंजिन तसं फिरत नाही. तिथे दात जातो. "बाकी कितीही ओढा," ते म्हणाले होते. "ओझ्याने हा बॉक्स मरणार नाही."

मला हे माहीत होतं. नीट माहीत होतं. हे इथे स्पष्ट असलेलं बरं.

मग मी न्यूट्रल का मारायचो? डिझेल वाचवायला? नाही. सूर्यमाळहून खोडाळ्याकडे उतरताना मी स्टॉपर ओढून इंजिन बंद करायचो, ते आवाजासाठी – म्हणजे आवाज थांबावा म्हणून. ती धडधड एकदम विरायची. खिडकीतून वारा, टायरची सळसळ, कुठेतरी कोतवाल पक्ष्याची शीळ. गाडी पुन्हा पहिल्यासारखी व्हायची, हलकी, मऊ. मला ती तशी फार आवडायची. तुम्ही कधी कुणाच्या मागे, त्याला न सांगता, अशी एखादी चैन केली आहे?

त्या दिवशी मे महिना होता. सूर्यमाळच्या एका पाड्यावर आटलेल्या विहिरीची बातमी घेऊन मी निघालो होतो. वाटेत एका म्हातारीने हात केला. करवंदांची पाटी घेऊन ती खोडाळ्याच्या बाजाराला निघाली होती. तिला मागे बसवलं. उतार लागला, मी स्टॉपर ओढला.

"गाडी मेली का रं, दादा?" म्हातारी घाबरून म्हणाली.

"नाही आये, झोपली."

ती हसली. मग मी जरा जास्तच वेळ झोपू दिली. वळणं संपेनात, वेग वाढला, ब्रेक तापून मऊ पडले, आणि पुढच्या वळणावर रस्ताभर शेळ्या. मी घाईने दुसरा गिअर कोंबला आणि क्लच सोडला. एक कडाड आवाज झाला – लाकूड मोडावं तसा. गाडी हिसका खात, हँडब्रेकवर, शेळ्यांच्या अलीकडे थांबली. कुणाला काही झालं नाही. म्हातारीने सांडलेली करवंदं वेचली, मूठभर माझ्या सीटवर ठेवली आणि म्हणाली, "उठव आता तुझ्या गाडीला," आणि पायी निघून गेली. काय घडलं हे पाहणारी तेवढी एकच.

जीपने ओढून गाडी जव्हारला आणली. हनीफभाईंनी बॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचा एक दात मुळापासून गेला होता. त्यांनी तो गिअर रॉकेलमध्ये धुतला, उन्हात धरला, बोट फिरवलं. कडेला कुरतडल्याच्या खुणा होत्या, चाकं पळत असताना गिअर कोंबला की पडतात तशा. बाक भरलेला होता, स्टँडवरचे दोघे-तिघे मुद्दाम आले होते.

"पेपरवाले," हनीफभाई म्हणाले, "न्यूट्रल मारली होती?"

एकदाच विचारलं. साधं विचारलं, आरोप नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "चढावर होतो. आपोआप गेला."

का? बाकावर माणसं होती म्हणून? हसतील म्हणून? त्यांनी एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती पाळली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर म्हणायची लाज वाटली म्हणून? यातलं काहीही असेल. मी ते तपासून पाहिलेलं नाही. दुसऱ्यांचं तपासणं हा माझा धंदा होता.

हनीफभाईंनी पुन्हा गिअरकडे पाहिलं. त्या खुणा त्यांना दिसत होत्या. इतकी वर्षं बॉक्स उघडणाऱ्या माणसाला त्या कळल्या नसतील? पण माझं 'नाही' ऐकल्यावर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना बाजूला ठेवलं. स्टँडवरचा कुणीतरी म्हणाला, "चढावर गेला ना? मोडले पाय." त्यावर ते रागाने म्हणाले, "हो, मोडले. हे खोटं बोलणार नाहीत. बॉक्स नाही सोसत. माझंच चुकलं."

ते खरं बोलणारे होते, एवढंच मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बढाईच्या आड ते दिसलं नव्हतं. गुरुजींची गाडी त्यांनी होती तशी परत केली. रंगवलेली पाटी पेंटरकडेच राहिली. गोणपाटाखालचं इंजिन पुढे कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाला गेलं. माझ्या गाडीत त्यांनी स्वतः शोधून जुन्या जीपचा बॉक्स बसवला, आणि माझीच माफी मागितली.

गॅरेज चालू राहिलं – पंक्चर, ब्रेक, ऑइल. डिझेल बसवायला कुणी आलं की ते खिळ्यावर टांगलेला तो गिअर काढून दाखवत. "बघा. ओझ्याने गेलाय. विचारा यांना, पेपरवाले आहेत." आणि मी, बाकावर बसलेला, मान हलवत असे. दर वेळी. मी पाठवलेल्या कुठल्याही बातमीवर जव्हार-मोखाड्यात इतका विश्वास ठेवला गेला नाही.

आता हनीफभाई नाहीत. शेड आवरताना त्यांच्या मुलाने तो गिअर मला आणून दिला. म्हणाला, "अब्बा म्हणायचे, तुमच्या गाडीचा आहे."

तो टेबलावर आहे. बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा असतो. तो असा:

बॉक्स मजबूत होता. हनीफभाईंची प्लेट, त्यांचा क्लच, त्यांचा अंदाज – सगळं बरोबर होतं. गाडी चढावर नव्हती, उतारावर होती. स्टॉपर ओढलेला होता. चालवत मी होतो.