दुसऱ्याचं गाऱ्हाणं

मंदाताई तोरसकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलो होतो. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं, मानपानाच्या साड्या घ्यायच्या होत्या. बायको रंग बघत होती आणि मी नेहमीप्रमाणे पदराला लावलेली किंमत चोरून वाचत होतो. फोन मंदाताईंच्या भाचीचा होता. "काका, मावशी सकाळी गेली. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून शेजारी आले, तर खुर्चीतच..." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. माणूस गेल्याची बातमी ऐकून मी "बरं" म्हणालो! बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली साडी खाली ठेवली. दुकानदाराने न मागता पाणी दिलं. त्याला आज सहा आठवडे झाले, पण ते "बरं" अजून माझ्या कानातून गेलेलं नाही.

शोकसभेत सगळे म्हणाले, ताई मनमिळाऊ होत्या. मी मागच्या रांगेत चुळबुळत होतो. मनमिळाऊ त्या अजिबात नव्हत्या. पालिकेच्या आमच्या वॉर्ड ऑफिसात त्या समाज विकास अधिकारी होत्या, आणि परळ-लालबाग-काळाचौकीतल्या निम्म्या चाळ कमिट्या त्यांना टरकून असायच्या. दरवर्षी वस्तीच्या कामांसाठी अनुदान यायचं. त्यातच चाळींचे सामायिक संडास, गटारं आणि खचलेले जिने यांची डागडुजी, आणि त्यातच बालवाड्या, म्हाताऱ्यांची केंद्रं, अपंगांच्या सोयी. अर्ज ढीगभर यायचे, पैसे पहिल्या चार-पाच कामांपुरते. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाकडे डोळे लावून बसायचं. त्या कामांचा अग्रक्रम ठरवायचा, म्हणजे कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे कागदावर लिहायचं, हे ताईंचं काम. एकदा एका बड्या माणसाचा हस्तक पत्र घेऊन आला होता, गल्लीच्या तोंडावर कमान हवी म्हणून. ताईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "छान. मग तुम्हीपण चिठ्ठी काढा." तो परत दिसला नाही.

ही चिठ्ठी म्हणजे ताईंची स्वतःची पद्धत. आमच्या वॉर्डाबाहेर ती कुठे असल्याचं मी ऐकलेलं नाही. बैठकीआधी पंधरा दिवस सगळ्या अर्जदारांना बोलवायचं आणि स्टीलच्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढायला लावायची. चिठ्ठीत दुसऱ्याच कोणाचं तरी नाव. त्या जागी जाऊन एक अख्खी सकाळ काढायची आणि बैठकीत त्यांचं गाऱ्हाणं आपण मांडायचं. आपल्या अर्जाबद्दल आपण चकार शब्द काढायचा नाही, तो कोणीतरी तिसराच मांडणार. आणि ताईंनीही बैठकीत मध्ये बोलायचं नाही. त्यांनी सगळ्या जागा आधीच पायाखाली घातलेल्या असायच्या, तरी नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून क्रम लावायचा आणि तोच वर जायचा. "स्वतःचं दुखणं सगळ्यांनाच मांडता येतं हो," त्या म्हणायच्या, "त्याने मला काहीच कळत नाही."

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची काळाचौकीची चाळ पालिकेची, आणि मी कमिटीचा चिटणीस. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाला जे संडास होते त्यांची लादी एका बाजूला खचली होती, खालून लाकडी टेकू दिलेले. माझी आई खुब्याचं हाड मोडून नुकतीच उभी राहायला लागलेली. ती गॅलरीच्या कठड्याला धरत धरत तिथपर्यंत जायची आणि आत गेली की मी दाराबाहेर श्वास रोखून उभा. एकदा आतून लादी करकरली आणि आई ओरडली, "गजा, खाली जातंय रे मी!" गेली नाही, पण त्या दिवसापासून मी ऑफिसात असलो तरी माझा अर्धा जीव त्या दाराबाहेर असायचा. त्या वर्षी आमचं काम यादीत बसणं... माझ्यापुरतं दुसरं काही महत्त्वाचं उरलं नव्हतं.

चिठ्ठीत मला लालबागचं एक केंद्र आलं. बुद्धीने लहान राहिलेल्या मोठ्या मुलांसाठी काही आयांनीच मिळून दोन खोल्यांत चालवलेलं. सकाळी नऊ ते एक उघडं. मागणी एवढीच, की संध्याकाळी सहापर्यंत चालवायला दोन बायकांचा पगार मिळावा. त्यांच्या वतीने अर्ज केला होता सुरेखाबाईंनी. मी गेलो त्या दिवशी त्यांनी मला सगळं दाखवलं, मुलांनी केलेल्या कागदी पिशव्या, गळका नळ, हजेरीची वही. निघताना जिन्यापर्यंत आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? माझी पल्लवी पंचवीस वर्षांची आहे. एक वाजता तिला घरी सोडते आणि मी कॅन्टीनला कामाला जाते ती सहाला येते. मध्यंतरी तिने गॅस उघडा टाकला होता... तेव्हापासून लुगड्याच्या पट्टीने तिचा हात खाटेला बांधून जाते. मऊ असते पट्टी. पण बांधते." मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक "बघू या" म्हणालो असेन.

बैठकीत आमच्या चाळीचं गाऱ्हाणं मांडायला उभ्या राहिल्या त्या नेमक्या सुरेखाबाई. आमची चिठ्ठी त्यांना आली होती. त्यांनी टेकू किती, लादी कुठे खचलीय, कुठल्या मजल्यावर किती म्हातारी माणसं, सगळं सांगितलं. मग माझ्या आईबद्दल बोलल्या. "ती माउली आत जाताना देवाचं नाव घेते आणि बाहेर आली की परत घेते. मी स्वतः दोन्ही वेळा ऐकलं." खोलीत कोणीतरी च्‌च्‌ केलं. मग माझी पाळी आली. मी केंद्राचं सगळं नीट मांडलं. खोल्या, नळ, वेळ, पिशव्यासुद्धा. पट्टीपाशी आलो आणि थांबलो. मला पक्कं ठाऊक होतं, हे एक वाक्य बोललो तर केंद्र वर जाणार आणि आमचे संडास खाली येणार. समोर सुरेखाबाई मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना स्वतःबद्दल बोलायची मुभा नव्हती. ताई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "झालं, पेडणेकर? आणखी काही?" मी म्हणालो, "नाही. एवढंच."

आमची चाळ चौथी आली, केंद्र पाचवं. अनुदान चौथ्यापाशी संपलं.

दोन महिन्यांत काम झालं. नवी लादी आणि भिंतीला स्टीलचा दांडा. आई त्या दांड्यावर भलतीच खूश. आल्यागेल्याला कौतुक सांगायची. एका सकाळी तिचं कौतुक चालू असताना मला काय झालं कोणास ठाऊक, मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाली, "त्या चेडवाक बांदून घालतत, आणि तू गप रवलंस? माझ्यासाठी?" मी मान हलवली. "माझा नाव कशाक घेतंस? तू तुझ्यासाठी गप रवलंस." त्यानंतरही ती तो दांडा वापरत होती, न वापरून सांगते कोणाला! पण कौतुक कायमचं बंद झालं.

मग एका रविवारी सकाळी मी ताईंच्या गिरगावातल्या खोलीवर गेलो. त्या पापड वाळत घालत होत्या. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. तिथे जाऊन आले होते ना मी." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. आलो होतो माफी मागायला आणि बसलो ओरडत. "माहीत होतं तर तोंड का नाही उघडलंत? तुमचा नियम मोठा, की ती मुलगी? तुम्ही इथे पापड घालताय आणि ती आत्ता बांधलेली असेल!" ताई एक पापड सरळ करत म्हणाल्या, "आज रविवार आहे, पेडणेकर. आज तिची आई घरी असते." मला ते इतकं कोरडं, इतकं सरकारी वाटलं की मी चपला घालू लागलो. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मी बोलले असते तर त्या दिवसापासून ती यादी माझी झाली असती. तुमची कोणाचीच राहिली नसती. चूक की बरोबर, मला नाही सांगता येत. पण पुढच्या वर्षी तुम्ही चिठ्ठी काढू नका. तुमची जागा ठरलेली आहे."

पुढच्या बैठकीआधी मी सुरेखाबाईंना गाठलं. पट्टीचं बोलू का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "बोला. गेल्या वर्षी नाही बोललात तेव्हा मला वाटलं, चारचौघांत माझी अब्रू राखलीत. मी तुम्हाला मनातल्या मनात हात जोडले होते, भाऊ." त्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. बैठकीत मी सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, आणि मला ते ठाऊक असून मी दडवलं होतं हेही. आमच्या चाळीचे दोघे मागे बसले होते, त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "अरे काय येडा झाला काय हा? आता काय संडास परत घेऊन जाणार काय?" कोणी हसलं नाही. केंद्र पहिलं आलं. चाळीने मला चिटणीसपदावरून काढलं, ते बरंच झालं. ताईंनी कागद गोळा केले आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. शाबासकी नाही, काही नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. त्यांच्याबद्दलची ती अढी त्या निवृत्त झाल्या, चिठ्ठ्या बंद होऊन कॉम्प्युटरवर गुणांचे तक्ते आले, तरी माझ्या मनातून पुरती गेली नव्हती. सणासुदीला फोन करायचो, तेवढंच.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात मी लालबागच्या केंद्रावर गेलो. निघालो तेव्हा स्वतःलाच नीट कारण सांगता येत नव्हतं. केंद्र आता सहापर्यंत चालतं, सुरेखाबाई कॅन्टीन सोडून तिथेच काम करतात. दुपारची जेवणाची वेळ होती. मी ताईंचा विषय काढला आणि बाईंनी पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. त्यांनी मला शपथ घातली होती. भाऊ, ते पाचव्या नंबरचं वर्ष आठवतं ना? त्या वर्षी ताई रोज एक वाजता आमच्या घरी यायच्या. आपली जेवणाची सुट्टी धरून. मी चावी दिली होती. पल्लवीचा हात पट्टीतून सोडवायच्या, डब्यातलं भरवायच्या, गॅलरीत फिरवायच्या. आणि दोन वाजता..." त्यांनी पदर खाली घेतला. "दोन वाजता ऑफिसला परत जायचं असायचं. मग त्याच बांधायच्या तिला. आपल्या हाताने. वर्षभर."

यादी करणाऱ्या बाईने एका अर्जदाराची मुलगी सांभाळली हे बाहेर कळतं, तर त्या यादीवर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून शपथ. हे मला समजलं. पण गिरगावात मी त्यांच्यावर तोंड सोडलं तेव्हा मला तरी सांगायचं होतं... मी कोणाला बोललो नसतो. मग लक्षात आलं, सांगितलं असतं तर मला हवं तेच मिळालं असतं. मी सुटलो असतो, निवांत घरी येऊन जेवलो असतो, आणि पुढच्या बैठकीत उभा राहिलोच नसतो. त्यांनी माझ्या शिव्या पदरात घेतल्या आणि मला सुटू दिलं नाही. मला त्या क्षणी त्यांची इतकी आठवण आली की मी पंक्तीतल्या मुलांकडे पाठ करून उभा राहिलो.

पल्लवी कोपऱ्यात जेवत होती. आता केसांत थोडं पांढरं दिसतं. सुरेखाबाई म्हणाल्या की निवृत्तीनंतरही ताई आठवड्यातून दोन-तीनदा एक वाजता यायच्या, हिच्या शेजारी बसून जेवायच्या. बोलता बोलता त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन वाजले होते. पल्लवी उठली, हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसली. मग तिने उजवा हात मनगट वर करून पुढे धरला. कोणीतरी येऊन पट्टी बांधेल म्हणून.

"अजून करते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बांधणं सुटून इतकी वर्षं झाली, तरी दोन वाजले की हात पुढे. ताई असल्या की तिचं मनगट दोन्ही हातांत धरून बसायच्या. मग ती हात खाली घ्यायची. आता मी धरते, पण ती माझा हात झटकून टाकते."

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मी जाऊन तिच्यासमोर खाली बसलो आणि तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं. तिने झटकलं. मी परत धरलं.