फोडणीच्या कपाटातलं औषध

नीना टिपणीस हिच्या स्वयंपाकघरात जाऊन कोणी एकट्याने चहा करून दाखवावा, मी पैज लावायला तयार आहे. साखर सापडणार नाही. कॉफीच्या बरणीत साबुदाणा, ग्रेव्ही पावडरच्या डब्यात हिंग, आणि मोठ्या आशेने फ्रीझरमधला आइस्क्रीमचा डबा उघडावा तर आत खवलेला नारळ. डबा रिकामा झाला की तो घासायचा, पुसायचा, कार्डिफमध्ये मिळेल तेवढ्या उन्हात वाळवायचा आणि पुन्हा कामाला लावायचा, हे तिचं आयुष्यभराचं व्रत आहे. कशात काय आहे ते फक्त तिला ठाऊक. विचारलं तर म्हणते, "वरदा, वास घे ना. नाक कशाला दिलंय?"

वरदा म्हणजे मी. नीना हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर होती आणि मी फिजिओथेरपिस्ट. तिने फोटो काढलेली हाडं पुढे माझ्याकडे चालायला शिकायला यायची. तिचा नवरा गिरीश हाडांचा सर्जन. आता आम्ही तिघंही रिटायर झालोय. नीना उंचीने बेताची, आवाजाने मुळीच नाही. घरात शिरताना आधी तिचं हसणं येतं आणि मागून ती. पेनार्थच्या किनाऱ्यावर ऐन थंडीत समुद्रात उतरणाऱ्या बायकांचा एक घोळका आहे, त्यात ही एकटी मराठी. पाण्यातून बाहेर आली की कुडकुडत थर्मास उघडायची आणि सगळ्यांना आल्याचा चहा पाजायची.

मग तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं असं सगळे म्हणाले. एक्स-रे तिने स्वतः पाहिला, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण एक नस रुसली ती रुसलीच. कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत कोणी तापलेली तार ओढतंय असं तिला वाटायचं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, माझे व्यायाम झाले. एका गोळीने ती दिवसभर पेंगायची, दुसरीने तिला सख्ख्या बहिणीचं नाव आठवेना. समुद्र सुटला, रोथ पार्कच्या तळ्याची फेरी सुटली, आणि शेवटी हसणंही सुटलं. खरं सांगते, मला त्या घरी जाणं नको वाटायला लागलं होतं.

शेवटी तिने स्वतःच वाचून, चौकशी करून एका पेन स्पेशालिस्टचं खाजगी क्लिनिक गाठलं. तिथून जे औषध मिळालं त्याचं नाव तिने मला तळ्याकाठच्या बाकावर बसून, कानाशी येऊन सांगितलं. गांजा. मी बाकावरून पडायची राहिले.

औषध म्हणून तो इथे ब्रिटनमध्ये घेता येतो हे मला अर्धवट माहीत होतं. नियम नीनाने शिकवले, तेही तोंडी परीक्षा घेतल्यासारखे. शहरात हिरव्या पानाच्या पाट्या लावलेली दुकानं दिसतात ना, तिथे मिळतं ते सीबीडीचं, म्हणजे त्याच झाडातून काढलेलं तेल आणि मलम. त्यात नशेचा भाग जवळपास नसतो. खरा गांजा कुठल्याही दुकानात विकायला परवानगी नाही. तो स्पेशालिस्ट डॉक्टरनेच लिहून द्यायचा, तोही बाकीचे उपाय थकल्यावर. मग फार्मसी तो सीलबंद डबीतून, वर पेशंटचं नाव चिकटवून घरी पाठवते. सिगरेटसारखा ओढला तर बेकायदा. एका छोट्या यंत्रात तापवून त्याची वाफ घ्यायची. विकणं सोडाच, कोणाला चिमूटभर फुकटही द्यायचा नाही. आणि तो त्याच डबीत ठेवावा, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर दाखवता येतो. हा शेवटचा नियम सांगताना ती तळ्यातल्या बदकांकडे बघत होती, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुखणं गेलं नाही. "ते शेजारच्या खोलीत जाऊन बसलंय," नीना म्हणायची, "आवाज येतो, पण मला माझं काम करू देतं." तळ्याची फेरी पुन्हा सुरू झाली, आधी अर्धी, मग पूर्ण. हसणं परत आलं. मला तेवढं पुरे होतं.

गिरीशला ते पुरे नव्हतं. माणूस लाखमोलाचा, पण इभ्रतीला भलता जपणारा. महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष, गणपतीच्या आरतीचं पहिलं ताट त्याच्या हातात, आणि दर दुसऱ्या वाक्याची सुरुवात "आपण डॉक्टर लोक" अशी. प्रिस्क्रिप्शन त्याने नीट वाचलं, डोस बरोबर आहे म्हणाला, पण त्या गोष्टीचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. "तुझं ते घेऊन झालं का?" असं विचारायचा. ती वरच्या खोलीत वाफ घ्यायला बसली की हा खाली उदबत्त्या लावत फिरायचा. पुण्याहून पाहुणे आले की "तुझं ते" बंद. म्हणजे नीनाने दात आवळून पुरणपोळ्या लाटायच्या आणि पाहुण्यांनी तिच्या हाताच्या चवीचं कौतुक करायचं.

एकदा ती मला म्हणाली, "मला त्याच्याकडून काही नको गं. फक्त चार लोकांत त्याने त्याला औषध म्हणावं. मी काय चोरी करतेय?" ते ऐकून मी गिरीशवर इतकी भडकले की मंडळाच्या पुढच्या मीटिंगला गेलेच नाही. मी आले नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही, तो भाग वेगळा.

मंडळाच्या दिवाळीच्या चकल्या दरवर्षी नीनाकडे होतात. गेल्या दिवाळीआधीच्या शनिवारी दुपारी आम्ही चौघी तिच्या ओट्याशी होतो. नीना तळणीवर, मी भाजणी मळायला, आणि नागपूरहून नुकतीच नोकरीसाठी आलेली आश्लेषा सोऱ्या फिरवायला. चौथ्या शैलाताई, मंडळात सगळ्यांत वडील. त्या खुर्चीत बसून सूचना देत होत्या. ऐकायला त्यांना कमी येतं, त्यामुळे सूचना सगळ्या मोठ्या आवाजात. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

गिरीशने दार उघडलं. दारात पोलीसबाई. दार स्वयंपाकघराच्या अगदी समोर आहे, त्यामुळे एकूण एक शब्द आम्हाला ऐकू येत होता. बाई गोड बोलणारी होती. शेजारच्या घरात नवीन भाडेकरू आलेत, त्यांनी कळवलंय की या घरातून रोज गांजाचा वास येतो. त्रास दिल्याबद्दल सॉरी, पण विचारणं भाग आहे, असं ती म्हणाली.

गिरीशने आपलं हॉस्पिटलच्या राउंडला वापरायचं ठेवणीतलं इंग्लिश काढलं. आमचा दिव्यांचा सण आहे, घरात तळण चाललंय, त्यात हिंग असतो, ओवा असतो, शिवाय आम्ही देवापुढे धूप जाळतो. यातलं काहीच खोटं नव्हतं. बाईने वास घेतला, छान आहे म्हणाली आणि वळायला लागली. जाता जाता एवढंच म्हणाली की घरात कोणाला डॉक्टरने लिहून दिलेलं असेल तरी काही प्रॉब्लेम नाही हं, फक्त दाखवलं की झालं.

माझा हात भाजणीत थांबला. नीनाने झारा तेलावर तसाच धरून ठेवला होता आणि ती दाराकडे बघत होती. इतकं सोपं करून दिलं होतं त्या बाईने. एक वाक्य, बस.

"नो, नो, ऑफिसर," गिरीश हसून म्हणाला. "वी आर अ फॅमिली ऑफ डॉक्टर्स. नथिंग ऑफ दॅट सॉर्ट इन धिस हाउस."

नीनाने गॅस बंद केला. झारा ठेवला, पदराला हात पुसले आणि दाराशी गेली. ती गप्प राहिली असती तर विषय तिथेच मिटला असता, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

"देअर इज," ती म्हणाली. "इट्स माइन. इट्स माय मेडिसिन."

"काय म्हणाली ती?" शैलाताईंनी विचारलं. आश्लेषाने त्यांच्या कानात सांगितलं. शैलाताईंनी चष्मा सारखा केला आणि खुर्ची दाराच्या दिशेने वळवून घेतली.

बाई आत आली. औषधाची डबी बघायला मिळेल का, असं तिने विचारलं. नीना ओट्यावरच्या फोडणीच्या कपाटापाशी गेली आणि डबी काढून दिली. वर लेबल, लेबलवर नीनाचं नाव, डोस, फार्मसीचा फोन, सगळं जिथल्या तिथे. बाईने वाचून मान डोलावली आणि झाकण उघडलं. आत मोहरी होती. बारीक, निवडलेली, उत्तम प्रतीची मोहरी.

मग औषध कुठे आहे? नीनाने वरच्या फळीवरून स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा काढला. ती प्लास्टिकची डबी तिला बेताचीच वाटली होती, आणि एवढं महागाचं औषध सादळू नये म्हणून तिने ते चांगल्या डब्यात काढून ठेवलं होतं. याच्यावर तुमचं नाव आहे का, बाईने विचारलं. नाव होतं. आपल्याकडे भांड्यांवर टिंबाटिंबांनी कोरून घेतात तसं, मराठीत: सौ. सुलोचना टिपणीस. या कोण? सासूबाई. इथेच राहतात का? नाही, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

मला हसूच आलं. कायद्याच्या डबीत मसाला आणि स्वर्गवासी बाईंच्या डब्यात गांजा. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. असा सुटा सापडला तर मला तो घेऊन जावा लागेल, ती म्हणाली, आणि चौकशी होऊन परत मिळायला किती वेळ लागेल ते सांगता येणार नाही. नीनाचा चेहरा उतरला. समुद्रात उडी घेताना न घाबरणारी बाई, पण आता तिने ओट्याची कड घट्ट धरली. "प्लीज," ती म्हणाली, "ते नसेल तर मला झोपता येत नाही, चालता येत नाही."

दाराजवळ गिरीश चपलांच्या रॅकला टेकून उभा होता. त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं, मी सोडून. बायकोला असं गयावया करताना त्याने कधी पाहिलं नसावं.  मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

नीनाने स्वतःला सावरलं. फोनवर प्रिस्क्रिप्शन काढून दाखवलं, ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, वाफेचं यंत्र आणून दाखवलं. मग म्हणाली की आमच्या घरात कुठलीच वस्तू आली त्या डब्यात राहत नाही, खोटं वाटत असेल तर कुठलाही डबा उघडा. बाईने हॉट चॉकलेटचा डबा उघडला, आत काळा मसाला. ती शिंकली. कस्टर्डचा उघडला, आत बेसन. बिस्किटांच्या टिनमध्ये कडधान्यं, तीही पुन्हा दह्याच्या डब्यांतून. चौथ्या डब्याला ती हसायला लागली आणि माझी आजीसुद्धा अशीच होती म्हणाली.

तरी तिने काम सोडलं नाही. नीनाची परवानगी घेऊन लेबलवरच्या नंबरवर फोन केला. नशिबाने फार्मसीत कोणीतरी उचलला आणि सगळं जुळलं. मग तिने मोहरी वाटीत ओतायला लावली, डबी पुसायला लावली आणि औषध आपल्यासमोर परत डबीत भरून घेतलं. माझ्या जागी दुसरा कोणी आला तर तो तुमचे डबे उघडत बसणार नाही, असं तिने नीनाला बजावलं. शेजाऱ्यांना एवढंच सांगेन की तक्रार निकालात निघाली, म्हणाली. जाताना दाराशी थांबून गिरीशला म्हणाली, "युवर वाइफ नोज हर ओन किचन, सर." दोन चकल्या आम्ही तिला कागदात बांधून दिल्या.

दार लागलं. तेल निवून गेलं होतं. आश्लेषा सोऱ्या हातात धरून उगाच भिंतीकडे बघत होती. शैलाताईंनी घसा खाकरला. आता या काय बोलणार आणि उद्या मंडळात काय पसरणार, या विचाराने मी भांडायच्याच तयारीत होते.

"नीना," शैलाताई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला चालेल का ते? चिमूटभर देऊन बघ."

नीना इतकी हसली की तिला कंबर धरावी लागली. देता येत नाही शैलाताई, ती त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगायला लागली, चिमूटभर दिलं तरी गुन्हा होतो. माझ्या नवऱ्यालासुद्धा देता येत नाही. तुमच्या गुडघ्याचं तुमच्या डॉक्टरला विचारा. शैलाताईंना हा कायदा अजिबात पटला नाही. आपण डोकेदुखीची गोळी एकमेकींना देतोच की, असा त्यांचा मुद्दा होता.

तेवढ्यात गिरीश स्वयंपाकघरात आला.  त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि आश्लेषाच्या हातातून सोऱ्या घेतला. चकली त्याने जन्मात पाडलेली नाही.

"नीना, इथलं मी बघतो," तो म्हणाला. "तू वर जा. तुझ्या औषधाची वेळ टळून गेलीय."

नीना जिन्याकडे निघाली होती, ती पहिल्या पायरीवर थांबली. मागे वळली नाही.

"कशाची वेळ?"

"औषधाची."

"पुन्हा म्हण."

गिरीशने पुन्हा म्हटलं, आणि या वेळी इतक्या मोठ्याने की शैलाताईंनाही ऐकू गेलं.