दृश्य पहिलं, आत, संध्याकाळ

एका स्पर्धेला पाठवलेली माझी पहिली पटकथा परत आली तेव्हा तिच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने एकच ओळ लिहिलेली होती: ही पटकथा नाही, गोष्ट आहे. ती वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिंगोलीच्या मुलींच्या वसतिगृहात राहून, कॉलेज सांभाळून मी ती लिहिली होती. गोष्ट आहे तर आहे, गोष्टीत काय वाईट, असं मी खोलीतल्या मैत्रिणींना ऐकवत सुटले. त्यांनी काही दिवस ऐकून घेतलं आणि मग कंटाळल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पटकथा कशी मांडतात हे सांगणारं माणूस तेव्हा हिंगोलीत शोधूनही सापडत नव्हतं. टायपिंग क्लासच्या सरांना विचारलं, तर त्यांनी मोठ्या मायेने मला शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकाची प्रत आणून दिली. शेवटी औरंगाबादला पटकथेचं शिबिर भरणार असल्याचं कळलं. शिबिर घेणारे सर छोट्या फिल्म करायचे आणि तिथल्या एका पटकथेवर ते स्वतः फिल्म करणार होते. ती माझीच असणार, हे मी एसटीत बसतानाच ठरवून टाकलं.

सरांनी पहिल्याच दिवशी कागद उभा दुमडायला लावला. डाव्या अर्ध्यात डोळ्यांना दिसेल ते लिहायचं, उजव्या अर्ध्यात कानांना ऐकू येईल ते. दृश्याच्या डोक्यावर क्रमांक, मग आत की बाहेर, मग जागा, मग वेळ. बाकी पाल्हाळ नको. ‘आईला वाईट वाटलं’ हे माझं वाक्य त्यांनी माझ्याच हाताने खोडायला लावलं. वाईट वाटलेलं कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणाले. मग काय दिसतं, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते तुम्ही सांगायचं, म्हणाले.

चिडूनच मी डाव्या अर्ध्यात लिहिलं: आई चुलीतलं लाकूड मागे ओढते. भाकरी तव्यावरच राहते. लिहिलेलं परत वाचलं. माणूस आवडला नव्हता, पण त्याचं म्हणणं खरं होतं. मग मात्र मी हट्टाला पेटले. मांडणी अशी शिकायची की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. मनातलं एक अक्षर डाव्या बाजूला येऊ द्यायचं नाही, आणि जे हाताने दाखवता येतं ते तोंडाने वदवायचं नाही. शिबिरातली शहरी मुलं चहाला उठायची तेव्हाही मी खोडत बसलेली असायचे.

आमचं घर मेंढपाळाचं. गाव डोंगरकड्याजवळ, पण सुगी सरली की आईबाबा मेंढरं घेऊन निघायचे ते थेट पावसाच्या तोंडावर परतायचे. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरं बसवायला बोलवायचे. आज हट्टा गावच्या शिवारात, तर पुढच्या हप्त्यात आणखी कुठे. दिवस कलला की बाबा खुंट ठोकून सुताची जाळी गोल ताणायचे. जाळीत मेंढरं, जाळीच्या आतच मेंढरांच्या अलीकडे चूल, आणि चुलीशेजारी टोपलीत देव. मला शाळेसाठी गावात काकूकडे नेऊन ठेवलं, त्याच्या आदल्या संध्याकाळची माझी पटकथा होती. आई लेकीची वेणी घालते आणि घातलेली वेणी पुन्हा सोडते, एवढंच तिच्यात घडतं.

सरांनी ती निवडली. सगळ्यांसमोर नाव घेतलं. मी आनंदात असतानाच ते म्हणाले, हिंगोलीकडे एक जुनं पत्र्याचं घर पाहून ठेवलंय, चालेल ना?

मी म्हटलं, यात घर नाहीच.

त्यांनी पानं उलटून दाखवली. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: आत, संध्याकाळ. मग मी जाळीचं सांगितलं. वर्गात हशा पिकला. शिबिरभर मांडणी घोटणारी मुलगी पहिल्याच शब्दाला चुकली होती. सर हसले नाहीत. समजावून म्हणाले की ही मांडणी त्यांनी केलेली नाही, ती कामगारांसाठी असते. दिवे नेणाऱ्याला कळायला हवं की छप्पर आहे की आभाळ. ‘आत’ खोडा, ‘बाहेर’ लिहा, संपलं. नाहीतर दुसरी पटकथा घ्यावी लागेल.

त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. एका शब्दाचा प्रश्न होता आणि पेन हातात होतं. पण त्या शब्दावर पेन टेकवेना. बाहेर म्हणजे अंधार, लांडगा, परकं रान. आम्ही जिथे जेवलो, झोपलो, जिथे माझ्या धाकट्या भावाचं बारसं झालं, ते बाहेर कसं?

‘‘माझी आई जन्मभर बाहेर राहिली, असं मी लिहून देणार नाही,’’ मी म्हणाले. ‘‘दुसरी घ्यायची तर घ्या. पण घेण्याआधी एकदा येऊन बघा.’’

मी पानं गोळा करून जागेवर जाऊन बसले. सर निर्णय पुढे ढकलतो एवढंच बोलले. हातची फिल्म घालवलीस, असं परतीच्या एसटीत माझं मलाच वाटत राहिलं.

दिवाळीनंतर मेंढरं जवळा बाजारच्या शिवारात होती. सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. सर येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा मी आईला सगळा घोळ सांगितला. ती पीठ मळता मळता म्हणाली, ‘‘त्येन्ला घर काहून पाह्यजे? मंग हे काय हाय?’’ आणि पुन्हा पिठाला लागली.

दिवस कलताना बांधावर जीप थांबली. सर पुढे, कॅमेरावाला मागे. बाबांची जाळी नुकतीच ताणून झाली होती. सर इकडेतिकडे बघत झपाझप चालत आले आणि गुडघ्याएवढी जाळी ओलांडायला त्यांनी पाय उचलला.

‘‘सायेब,’’ आई चुलीपासूनच म्हणाली, ‘‘पायतण भाईर काढा. आत देव हाय.’’

सरांचा पाय तसाच राहिला. त्यांनी वर पाहिलं, तर आभाळ. समोर मेंढरं, चूल आणि पीठ मळणारी माझी आई. त्यांनी उचललेला पाय मागे घेतला, सोयाबीनच्या खुंटांत वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजेही काढले आणि अनवाणी जाळी ओलांडली.

मागून कॅमेरावाला तसाच येत होता. सरांनी वळून त्याला हाताने थांबवलं.

‘‘बूट बाहेर काढ,’’ ते म्हणाले, ‘‘आत यायचंय.’’