सतीशची सापशिडी

मंडळी, घटनाक्रम असा. आज सकाळी परळच्या घरी मी माझ्या संग्रहातला सर्वांत जुना घरगुती संगणक टीव्हीला जोडला. मग टेपरेकॉर्डरमध्ये कधीच न ऐकलेली एक कॅसेट घातली. त्या काळी आमचे प्रोग्राम कॅसेटवरच साठवले जात, आणि सुरुवातीला नाव बोलून ठेवण्याची पद्धत होती.

आवाज माझ्या धाकट्या भावाचा होता. "सापशिडी. दादा, चुका काढायच्या आधी एकदा खेळून तरी बघ रे."

तेव्हा मी खेळलो नाही. त्याच्या वहीतला प्रोग्राम वाचूनच चुकांची यादी केली आणि ती त्याच्या मित्रांसमोर वाचून दाखवली. त्यानंतर सतीशने संगणकाला हात लावला नाही.

आज खेळलो. खेळ दोघांचा आहे. दोन्ही सोंगट्या मीच चालवल्या.

सतीश प्रभादेवीला राहतो, या गटात आहे, माझ्या पोस्ट वाचतो आणि उत्तर देत नाही.

सतीश, खेळ उत्तम आहे. हे मी तेव्हाच म्हणायला हवे होते. फोन करू नकोस. बोलताना मी पुन्हा काहीतरी सुधारायला जाईन. रविवारी खेळायला येणार की नाही, ते इथेच लेखी कळव.