टोपण ठेवून घेणारा आबाजी

माझा धाकटा भाऊ आबाजी भिवपुरीच्या पावरहाऊसमध्ये एकतीस वर्षं रजिस्टर लिहीत होता, तेही एकाच शाईच्या पेनानं. कुणी मागितलं तर पेन द्यायचा, पण टोपण आपल्याच मुठीत ठेवायचा. बिनटोपणाचं पेन कोण पळवील, म्हणायचा.

परवा मोबाईलवर एका संस्थेची जाहिरात बघून तो विरघळला. जुनी पेनं द्या, ती विकून आम्ही अनाथ मुलांची शाळा चालवतो, असं माझ्या नातीनं, रियानं वाचून दाखवलं. आबाजी लगेच पेन पुसायला बसला.

मी विचारलं, “शाळा कुठल्या गावात हाय रं?”

“अक्का, धर्माच्या कामात संशय घेऊ नये गं.”

“मग पेन पाठव, टोपण ठेव. शाळेचा पत्ता आला की टोपण धाड. साहेबालासुद्धा तसंच द्यायचास ना?”

तो हसला, पण पेन धाडण्याआधी रियाला तसंच लिहायला लावलं. उत्तरात एका रडणाऱ्या पोराचा फोटो आला. गावाचं नाव पुन्हा विचारलं, तर त्यांनी रियाचा नंबरच ब्लॉक केला.

पेन आबाजीच्या खिशाला हाय, टोपणासकट. मला मात्र फोटोतल्या त्या पोराचं वाईट वाटत राहतं. ते कुणाचं असेल?