हवालदार, तो बघा कसा चालवतो!

गुन्हे निकाली निघतात, किस्से निघत नाहीत. मुकुंदवाडीच्या आमच्या चौकीत तर त्यांचा ढीग साचला होता. कारखाने वाढत होते, काल बैलगाडी हाकणारा आज टेम्पो हाकत होता आणि ज्याला त्याला दुसऱ्याचं चालवणं खटकत होतं! तक्रारी घ्यायला मी आणि आमचे जमादार शेखचाचा.

एकदा एका कंपनीचे मॅनेजर मोटारीतून तणतणत आले. "पुढचा स्कूटरवाला फुल पिलेला होता. दारूचा नुसता भपकारा!"

चाचांनी विचारलं, "साब, तुमच्या गाडीच्या काचा उघड्या होत्या?"

"छे! धूळ येते. बंदच ठेवतो."

"फिर बास किधर से आई?"

उत्तर द्यायला मॅनेजर टेबलावर वाकले आणि वास थेट आमच्यापर्यंत आला!

*

दोन ट्रक ड्रायव्हर भांडत भांडत चौकीत शिरले. शहराच्या जुन्या दरवाजात दोघं समोरासमोर घुसले होते आणि मागं सरायला कुणीच तयार नव्हतं.

"गाड्या कुठंयत?" मी विचारलं.

"तिथंच, दरवाज्यात! पंचनामा व्हायचाय ना? हलवल्याच नाय!"

*

एक बाई रोज कामगारांच्या बसची तक्रार घेऊन यायची. "फाट्यावर लई जोरात वळवतो. लेकरं असतात तिथं." बसचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, घर, चहाची टपरी, सगळं तोंडपाठ.

"ताई, एवढी माहिती काढली कुठून?"

"काढायची कशाला? नवरा हाय माझा! घरी ऐकत नाय, म्हणलं सरकारनं सांगावं."

*

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. शहर तापलेलं. एक गृहस्थ आले. "ट्रकवाला एका सायकलवाल्याला उडवून पळाला. मोर्चावालाच असणार!"

"झेंडा होता? घोषणा?"

"नाही."

"ड्रायव्हर पाहिला?"

"नाही हो. चालवण्यावरूनच कळतं!"

नंबर मात्र त्यांनी बरोबर टिपला होता. संध्याकाळपर्यंत ट्रक सापडला. निघाला गृहस्थांच्या सख्ख्या मेहुण्याचा!

दुसऱ्या दिवशी गृहस्थ हजर. "तक्रार मागं घेतो. चूक सायकलवाल्याचीच होती."

सायकलवाला अजून दवाखान्यात बेशुद्ध होता.

चाचांनी चष्मा काढला. "कैसा मालूम हुआ, मियाँ? चलाने पे से?"

तक्रार काही त्यांनी मागं घेऊ दिली नाही.

*

आणि शेवंताबाई. मेंढरं राखणारं कुटुंब. नवरा मेंढरं घेऊन रस्ता ओलांडताना जीपनं ठोकरला. पाय मोडला.

"कुणाची जीप, बाई?" चाचांनी विचारलं.

"तुमचीच की! वर दिवा व्हता. आत टोपीवाले सायेब."

चाचांचं पेन थांबलं. बंदोबस्ताच्या घाईत सुसाट जीप पळवणारं आमच्याकडं एकच माणूस होतं, आणि ते आतल्या खोलीत बसलं होतं. साहेब बाहेर आले.

"बाई, उगाच आळ घेऊ नका. त्या दिवशी माझी जीप बंद पडून इथं अंगणात उभी होती. विचारा या दोघांना."

आम्ही दोघं फरशीकडं बघत राहिलो. शेवंताबाईनं साहेबांकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, पदर कमरेला खोचला.

"चाचा, लिवा. बंद जीपनं माझ्या मालकाचा पाय मोडला. चालू असती तर काय झालं असतं, ते सायबाला इचारून लिवा!"