सगळ्या गल्लीदेखत

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पापडांपेक्षा सल्ले अधिक तयार होतात. पापड निदान वाळतात आणि डब्यात जातात. सल्ल्यांचे काय करावे, हा प्रश्न खामगावात उभा जन्म काढूनही मला सुटलेला नाही. मी जुन्या काळची मॅट्रिक आहे, पाल्हाळ मला आवडत नाही. परंतु माझी नात मैथिली एम.एस्सी.साठी गुवाहाटीला निघाली, त्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर पापड लाटताना जे बोलले गेले, ते विसरणे म्हणजे चांगला माल वाया घालवणे होईल.

मैथिलीला ऑटिझम आहे. ती दिलेला शब्द पाळते आणि इतरांनीही पाळावा अशी तिची अपेक्षा असते. गल्लीला हे मोठेच व्यंग वाटते!

*

पहिला सल्ला समोरच्या देशमुखबाईंचा. गल्लीतला पहिला सल्ला नेहमी त्यांचाच असतो.

"इतक्या लांब कायले धाडता? लगन करून द्या. लगन झालं का पोरगी आपोआप बोलाले लागते!"

त्यांचे यजमान लग्नानंतर वर्तमानपत्राआड गेले, ते अद्याप बाहेर आलेले नाहीत. लग्नाने माणूस बोलका होतो, तर देशमुख गप्प का झाले, हे विचारणे मला प्रशस्त वाटले नाही.

मैथिलीने विचारले.

*

मग बाईंनी आपल्या दिरांना पाठवले. रिटायर्ड साहेब. माझ्या मुलाला, सुधाकरला, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला आले. मैथिलीने चहा आणला.

"नको, नको! कायले तरास!"

"बरं," असे म्हणून ती कप घेऊन आत गेली.

'बाहेरच्या जगात कसे वागावे' या विषयावर साहेब पुष्कळ वेळ बोलले. घसा कोरडा पडत होता, नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळत होती. दारातून काहीही आले नाही. उठताना म्हणाले, "वहिनी, पोरीले रीतभात समजत नाही. कशी राहीन तिथं?"

मी म्हटले, "नको म्हणजे नको, ही आमच्या घरची रीत आहे. पुढच्या खेपेला हो म्हणा."

*

मैथिलीला लाटण्यांचा खडखडाट सोसत नाही. म्हणून पापडांच्या दिवशी ती कानांवर मोठे हेडफोन लावून कोपऱ्यात वाचत बसते. तिला काही ऐकू येत नाही, अशी बायकांची समजूत. त्या यंत्राने लाटण्यांचा आवाज कमी होतो. देशमुखबाईंचा आवाज कमी करणारे यंत्र अजून निघायचे आहे!

"महिन्याभरात रडत वापस येते का नाही पाहा," बाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत टिकली ना तिथं, तं मी सोताच्या हातानं ओवाळीन तिले. सगळ्या गल्लीदेखत!"

सगळ्या हसल्या. शेजारच्या काळेबाई तर लाटणे खाली ठेवून हसल्या. मैथिलीने पान उलटले.

*

सुधाकर स्वभावाने भला आहे. म्हणजे जो शेवटी बोलतो त्याचे त्याला पटते. त्या दिवशी शेवटी बोलल्या होत्या देशमुखबाई. ॲडमिशनची मुदत संपत आलेली, आणि हा रात्रीच्या जेवणाला म्हणतो, "आई, राहू द्यावं का यंदा? अकोल्याला पाहू काहीतरी. एकटी घाबरली तर?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच मैथिली म्हणाली, "मी घाबरणारच आहे, बाबा. घाबरल्यावर काय करायचं ते मी ठरवून ठेवलंय. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा."

या वेळी शेवटी बोलली होती मैथिली. सकाळी त्याने तिकीट काढले.

*

निघताना साऱ्या गल्लीने डोळे पुसत बजावले, "पोहोचली का फोन कर हो!"

गाडी भल्या पहाटे पोहोचली. तिने साऱ्या गल्लीला फोन केले.

देशमुखबाई दिवसभर जांभया देत तक्रार करत हिंडल्या. "अशा वक्ती कोणी फोन करते का?"

मी विचारले, "मग कर म्हणालात कशाला?"

"तसं म्हणाच लागते ना, काकू!"

*

महिना झाला. मैथिली परतली नाही, तर बाईंनी नवे काढले, "सांगत नसन पोरगी. रडून रडून आजारी पडली असन." झाले! सुधाकर तिला बघायला गेला. रविवारी येतो म्हणून कळवले आणि शनिवारीच हॉस्टेलच्या फाटकाशी उभा राहिला. तिने फोनवर सांगितले, "बाबा, तुम्ही उद्या येणार आहात."

बिचारा रात्रभर लॉजवर राहिला. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याही आधी फाटकात हजर. त्याला आपली प्रयोगशाळा दाखवली, मेसमध्ये आपल्या ठरलेल्या जागेशेजारी बसवून जेवू घातले. परत आल्यावर तो इतकेच म्हणाला, "आई, तिथं तिला कोणी 'तसं म्हणावंच लागतं' असं म्हणत नाही."

*

वसुबारसेला सकाळी रिक्षा आली. आमच्या दारात नव्हे, समोर, देशमुखांच्या. मैथिली बॅग घेऊन उतरली, हेडफोन गळ्यात.

"काकू, मी टिकले."

"व माय! कवा आली वं? जाय, पहिले घरी जाय, दमली असशीन."

"दमले आहे. तुम्ही ओवाळा, मग जाते." तिने भिंतीशी उभा केलेला पाट स्वतःच घेतला, अंगणात मांडला आणि बसली.

"अवं, ते तं मी गमतीनं म्हणलं होतं!"

"मी गमतीनं गेले नव्हते, काकू."

घराघरांतून माणसे बाहेर आली. देशमुखांचे वर्तमानपत्र खाली आले. कित्येक वर्षांनी त्या माणसाचा आवाज गल्लीने ऐकला.

"आण तबक."

देशमुखबाई आत गेल्या, तबक घेऊन आल्या. घाईघाईने निरांजन लावून त्यांनी तबक एकदाचे उचलले.

मैथिलीने हात वर केला.

"थांबा, काकू. सगळ्या गल्लीदेखत म्हणाला होतात. काळेकाकू अजून आलेल्या नाहीत."

काळेबाईंना हाक मारायला मी स्वतः गेले.